अँटेना धरणारा

परवा दुपारी पेनाचे टोपण घरंगळत कपाटामागे गेले. हात पोहोचेना, फूटपट्टी पुरेना, म्हणून काहीतरी बारीक आणि लांब मिळते का हे पाहण्यासाठी मी टेबलाचा खालचा खण उपसला, आणि जुन्या चार्जरांच्या गुंत्यातून मामांचा टीव्हीचा मोबाइल हाती आला. त्याच्या कोपऱ्यातली चकचकीत कांडी नखाने ओढली, तशी ती एकातून एक निघत वीतभर लांब झाली आणि मी टोपण विसरून खुर्चीवर बसलो.

मामांनी हा चायना मोबाइल २००८ साली घेतला. चायना मोबाइल म्हणजे दोन सिमकार्डे, लग्नाच्या मांडवाला पुरेल एवढा आवाज आणि ही अँटेना, हे तेव्हा कोणाला सांगावे लागत नसे. त्याच्या पाठीवर एका प्रसिद्ध कंपनीचे नाव होते, मात्र त्यातले एक अक्षर बदललेले होते, आणि चारचौघांत फोन काढताना मामा नेमक्या त्या अक्षरावर अंगठा ठेवत असत.

टीव्ही दाखवणारा फोन घडवण्यासाठी त्या सुमारास जगात केवढा तरी खटाटोप चालला होता. नोकियाने नोव्हेंबर २००५ मध्ये एन९२ जाहीर केला, त्याचा पडदा २.८ इंचांचा होता आणि तो आडवा उघडून टेबलावर लहानशा टीव्हीसारखा मांडता येत असे. मात्र त्याला डीव्हीबी-एच नावाचे वेगळे प्रक्षेपण लागे. त्यात चित्रे सलग न पाठवता थोड्या थोड्या वेळाने एकदम लोटली जात, म्हणजे मधल्या काळात फोनमधल्या टीव्हीच्या भागाला डुलकी काढता येई आणि बॅटरी वाचे. (दुपारच्या डुलकीला इतका शास्त्रीय आधार मला दुसरीकडे कोठेही सापडलेला नाही.) दिल्लीत दूरदर्शनने २००७ साली त्याचा प्रयोग केला. जपानने तर वाहिनीच्या लहरींचे १३ भाग पाडून त्यातला एक फोनसाठी राखून ठेवला, आणि एप्रिल २००६ पासून ‘वनसेग’ या नावाने ते प्रक्षेपण सुरूही केले.

मामांच्या फोनला यातले काहीही नको होते. पुण्यातल्या गच्च्यांना सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याकडून जे फुकट मिळत होते, तेच तो उचलत असे, आणि त्यासाठी सिमकार्डाचीही गरज नव्हती. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. ज्या फोनांना खरा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनची स्वतंत्र ओळख सांगणारा १५ आकडी क्रमांक नाही, ते ३० नोव्हेंबर २००९ च्या मध्यरात्रीपासून बंद झाले आणि त्यांत मामांचाही फोन गेला. दुकानात पैसे भरून नवा क्रमांक घालून मिळत होता, पण मामांनी ते साफ नाकारले. त्यांनी दुसरा फोन घेतला, आणि पहिला खिशातला टीव्ही म्हणून ठेवून दिला.

टीव्ही पाहणे हे दोन माणसांचे काम आहे, असे मी लहानपणापासून मानत आलो आहे. रविवारच्या सिनेमाआधी मला गच्चीवर धाडले जाई. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवरच्या अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभ्या असत, फक्त आमचीच कावळ्यांच्या वजनाने पर्वतीकडे वळलेली असे. मी दांडा फिरवायचा आणि ओरडायचे, ‘आलं का?’ जिन्यातला भाऊ ते खाली पोहोचवायचा आणि खालचे उत्तर घेऊन यायचा, ‘मुंग्या आहेत!’ पुन्हा फिरवायचे. ‘आलं, आलं! गेलं!’ कधीकधी दांडा सोडला की चित्र जाई, म्हणून सिनेमाची पाटी संपेपर्यंत मी तो धरून उभा राहिलेलो आहे. कितीतरी सिनेमे मी नायकाचे लहानपण वजा करून पाहिले आहेत, आणि तो मोठेपणी सूड कोणाचा घेतो आहे, हे मला बहुधा शेजारच्याला विचारावे लागे.

२ एप्रिल २०११ च्या रात्री आम्ही मामांच्या गावी, सिंहगडाच्या पायथ्याकडच्या बाजूला होतो. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात श्रीलंकेच्या २७४ धावांचा पाठलाग चालू होता, गंभीर ९७ वर बाद झाला आणि त्याच क्षणी गावाची वीज गेली. अंधारात जे हाय हाय झाले, ते यांतले नेमके कशासाठी होते हे सांगता येणार नाही. मग मामा आत जाऊन तो फोन घेऊन आले. काडेपेटीपेक्षा थोड्याच मोठ्या पडद्याभोवती वीस-पंचवीस माणसे जमली, पण ओट्यावर ठेवला तर मुंग्या येत आणि मामांनी हातात धरून डोक्यावर उंच केला की चित्र स्वच्छ दिसे. तेव्हा मामा गडाकडे तोंड करून ओट्यावर उभे राहिले, हात वर, पडदा आमच्याकडे. ‘अहो, हात हलवू नका,’ असे मामी दर षटकाला बजावत होत्या. मध्ये कोणीतरी फोन धरायला पुढे झाले, पण हात बदलताच चित्र गेले, आणि सगळ्यांनी एकमुखाने मामांनाच परत बोलावले.

धोनीने षटकार मारला तेव्हा अंगणात एकच कल्ला झाला. मामांचा हात तसाच वर होता आणि ते अंधाराकडे पाहत विचारत होते, ‘काय झालं रे? अरे, सांगा की कोणीतरी!’ त्यांना सांगण्याचे भान आम्हा कोणालाही बराच वेळ राहिले नाही.

पुढे तो षटकार त्यांनी चांगल्या फोनवर पुष्कळदा पाहिला. ‘बरा मारलाय,’ असे म्हणतात.

खणातल्या या फोनची बॅटरी आता फुगली आहे, आणि जुन्या पद्धतीचे प्रक्षेपणही दूरदर्शनने टप्प्याटप्प्याने बंद केले. तरीही मी तो खिडकीपाशी नेऊन उगाच गडाच्या दिशेने धरला. मग कामाची आठवण होऊन कपाटामागे अँटेना घातली, ती दोन बोटे कमी पडली. मामांना फोन करून हे सांगितले, तर ते म्हणाले, ‘जरा डावीकडून बघ.’

टोपण अजून तेथेच आहे.