परिशिष्टात राहिलेली अट

पहाटे पावणेपाचला जलाशयावरच्या राखणदारकाकांचा फोन आला. ते एवढेच म्हणाले, "मॅडम, मासे तोंड वर काढून आहेत." मत्स्यपालनाशी ज्याचा संबंध आहे त्याला या वाक्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. आम्ही पोहोचेपर्यंत पूर्वेकडच्या खाडीतल्या पिंजऱ्यांत तिलापिया पोट वर करून तरंगू लागला होता आणि जे मासे जिवंत होते ते पाण्याच्या पृष्ठभागावर हवा गिळत होते.

होडीतून मीटरची केबल पहिल्या पिंजऱ्यात सोडली. अर्ध्या मीटरवर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला १.४ मिलिग्रॅम, तीन मीटरवर १.१ आणि सहा मीटरवर ०.९. तिलापिया काटक मासा असला तरी पातळी इतकी खाली गेली की त्याचाही निभाव लागत नाही. पण मला अधिक बोलका वाटला तो तापमानाचा आकडा. आठवड्यापूर्वी वरचे पाणी २९ अंश आणि तळाचे २५ अंश होते; आता वरपासून खालपर्यंत २६ होते. आदल्या दोन रात्री गार वारा आणि पाऊस झाला होता. वरचा थर निवून जड झाला, थरांमधला फरक मिटला आणि तळाशी साचलेले, ऑक्सिजन नसलेले पाणी ढवळून वर आले. होडीच्या कडेला सडक्या अंड्यासारखा वास येत होता. तो तळातल्या हायड्रोजन सल्फाइडचा. मे २०११ मध्ये फिलिपिन्समधल्या ताल सरोवरात पिंजऱ्यांतले मासे मोठ्या प्रमाणावर मेले, तेव्हाही हवामानातला बदल आणि पिंजऱ्यांची दाटी या दोन्ही गोष्टी चर्चेत आल्या होत्या. हे सारे मला तोंडपाठ होते आणि त्याचा त्या पहाटे काहीच उपयोग नव्हता. खाद्य ताबडतोब बंद करा, कारण पचनालाही ऑक्सिजन लागतो. मेलेले मासे काढा, कारण ते कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खातात. जाळी हलवून माशांना दमवू नका: एवढेच सांगता आले.

दुपारी बैठक झाली. परवाने देणाऱ्या अधिकाऱ्यांनी नस्ती उघडून माझ्यासमोर ठेवली आणि शांतपणे विचारले, "पिंजऱ्यांची संख्या तुमच्याच अहवालावरून ठरली होती ना?" टिपणीत लिहिले होते, 'शास्त्रीय अभ्यासानुसार जलाशयाची धारणक्षमता ५०० पिंजरे.' म्हणजे पाण्याला सोसेल तेवढी पिंजऱ्यांची संख्या. अहवाल माझाच होता आणि ५०० हा आकडाही माझाच. पण मी लिहिले होते ते असे की उपलब्ध माहितीवरून ही क्षमता ३८० ते ६४० पिंजऱ्यांच्या दरम्यान असावी आणि ५०० हे साधारण मधले मूल्य आहे. माझ्या तीन ओळींमधून टिपणीपर्यंत एकच आकडा पोहोचला होता.

इथे स्वतःला पाठीशी घालणे सोपे होते आणि क्षणभर तो मोह झालाही. पण खरी चूक त्याआधीची होती. धारणक्षमता काढण्यासाठी आम्ही फॉस्फरसच्या वार्षिक ताळेबंदाची जुनी रीत वापरतो: डिलन आणि रिग्लर यांनी १९७४ मध्ये सरोवरांसाठी मांडलेले समीकरण पुढे पिंजरा मत्स्यपालनाला लावले गेले. खाद्यातून किती फॉस्फरस पाण्यात येतो, त्यातला किती वाहून जातो आणि किती तळाशी बसतो, यावरून पाणी किती भार सोसेल याचा अंदाज बांधता येतो. मात्र हे समीकरण संपूर्ण जलाशयाला एकसारखे मिसळलेले एकच भांडे समजते. प्रत्यक्षात रस्त्याजवळ सोयीचे म्हणून निम्म्याहून अधिक पिंजरे त्या एका उथळ, कोंडलेल्या खाडीत दाटले होते. पिंजरे जलाशयभर विखरून ठेवले तरच हा आकडा लागू पडतो, ही अट मी लिहिली होती, पण परिशिष्टात. ज्या अटीवर आकडा उभा आहे ती परिशिष्टात टाकणे म्हणजे ती वाचली जाणार नाही याची व्यवस्था करणेच होय.

अधिकाऱ्यांचा मुद्दाही रास्त होता. "मॅडम, 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा पट्टा पाहून परवाना देता येत नाही, एका आकड्यावरच द्यावा लागतो." नॉर्वेने २०१७ मध्ये सॅल्मनपालनासाठी जी 'वाहतूक दिवे' पद्धत आणली तिथेही हाच पेच आहे: किनारा १३ उत्पादन क्षेत्रांत विभागलेला, आणि सॅल्मन-उवांमुळे, म्हणजे माशांच्या अंगाला चिकटणाऱ्या परजीवींमुळे, रानटी सॅल्मनची किती पिल्ले मरत असावीत या अंदाजावर क्षेत्राला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग मिळतो. अंदाज १० टक्क्यांच्या आत असेल तर धोका कमी, ३० टक्क्यांच्या वर असेल तर जास्त. रंग निर्विवाद दिसतो, पण त्यामागे अनिश्चितता असलेली गणिती प्रतिमाने (मॉडेल) आहेत, आणि लाल ठरलेल्या क्षेत्रातल्या उत्पादकांना उत्पादन घटवावे लागते तेव्हा वाद नेमका त्या अनिश्चिततेवर होतो. मात्र तिथे रंग ठरवताना तज्ज्ञगट आपला अंदाज किती पक्का आहे हेही नोंदवतो. आमच्या नस्तीत तेवढीही जागा नव्हती.

बैठकीनंतर राखणदारकाकांनी आपली वही दाखवली. रोज सकाळी वाऱ्याची दिशा, पाण्याचा रंग आणि खाद्य किती उरले हे ते लिहीत. मासे मरण्याच्या तीन दिवस आधीची नोंद होती: 'वारा नाही. पाणी गडद हिरवे. खाद्य पोतेभर उरले. खाडीत किंचित वास.' माझ्या प्रतिमानात यातले काहीही नव्हते. आणि त्यांनी ही वही कुणाला दाखवावी असे परवान्याच्या कुठल्याही अटीत म्हटले नव्हते.

नवा प्रस्ताव लिहिताना मी पिंजऱ्यांच्या संख्येऐवजी खाडीनिहाय रोजच्या खाद्याची मर्यादा सुचवली, आणि सूर्योदयापूर्वी दोन खोलींवर ऑक्सिजन मोजून तो ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला तर खाद्य थांबवण्याची अट घातली. संख्या, तिचा पट्टा आणि अट ही तिन्ही मी एकाच वाक्यात गुंफली. कार्यालयातून दुरुस्तीची सूचना आली: वाक्य फार लांब आहे, दोन करावीत. मी ती मानली नाही.

काकांच्या वहीवरून नोंदींचा छापील नमुना तयार झाला. तो त्यांना द्यायला गेले तेव्हा त्यांनी सगळे रकाने वाचले आणि विचारले, "वास कुठे लिहायचा?" तो रकाना राहून गेला होता. पट्टी मागवून मी तो तिथेच पेनाने आखून दिला.