मशीनवरची गोधडी : आमची वाटचाल

आमच्या बोर्डावर पहिल्या दिवसापासून ‘मशीनवर शिवलेल्या गोधड्या’ असंच लिहिलंय. त्यापायी किती ऐकून घेतलं, त्याचा हिशोब नाही. “हातची नाही होय?” म्हणत बायका घडी मोडतात, उलटीपालटी करून बघतात आणि तशीच टाकून निघून जातात. हातची म्हणजे काय हो? लुगडी निवडते मी, धुते मी, फाटकं बाजूला काढून थर लावते मी, कच्चे टाके घालते तेही मीच. शेवटी पायाखाली पायडल आलं की हात गळून पडतात का?

आमच्या धंद्यातल्या पहिल्या भागीदार म्हणजे सासूबाई. 2004 साली त्यांचे गुडघे गेले, पण सुई सुटली नव्हती. धावदोऱ्याची गोधडी त्या कडेपासून सुरू करायच्या. एक फेरा झाला की त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा, असं करत मध्यापर्यंत. शेवटच्या चौकटीत तांदळाचे चार दाणे टाकून तोंड शिवायच्या. “गोधडीचं पोट उपाशी ठेवू नये गो.” दुपारच्या दुपारी बसून एका गोधडीला महिना लागायचा. माझी उषा मशीन माहेरून आलेली, ब्लाउज-परकर शिवून कंटाळलेली. म्हटलं, हिच्यावर बघू.

पहिली गोधडी मी त्यांच्यासारखीच कडेपासून शिवत गेले. मध्यावर पोचेपर्यंत सगळा जास्तीचा कपडा तिथे गोळा झाला आणि मधोमध वड्यासारखा टम्म फुगवटा आला. सासूबाई पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, “हाताला कपडा सावरता येतो, मशीनला येत नाही. तू आतून बाहेर जा.” तेव्हापासून मधली शिवण आधी, मग उजवी-डावीकडे कडेपर्यंत. हे मला कुठल्या क्लासमध्ये शिकवलं नव्हतं. हल्लीच्या मुली मोबाइलवर बघून शिकतात, त्यातही हेच सांगतात म्हणे.

हत्यारांबद्दल थोडं लिहिते, कारण या कामात त्यांच्यावाचून गत नाही. घरच्या मशीनची कमान, म्हणजे सुई आणि खांबाच्या मधली जागा, अरुंद. सात फुटी गोधडीची गुंडाळी त्या कमानीतून सरकवायची म्हणजे बारशाला आलेली सगळी माणसं एका रिक्षात बसवायची. दोन बाजूंनी स्टुलं लावून त्यांवर फळी टाकली नाही, तर गोधडीचं वजन खाली ओढतं आणि टाका वाकडा पडतो. सुई 18 नंबरची, त्याखाली नको. टाका मोठा, सुईजवळ कपडा दाबणाऱ्या पायाचा दाब सैल. दाब सैल केला नाही, तर वरचा थर पुढे पळतो, खालचा मागे राहतो आणि चुण्या पडतात. कच्चे टाके वीतभर अंतराने हवेतच, त्यांचा कंटाळा करू नका. आणि सुती लुगड्याच्या थरात नायलॉनची साडी घालू नका, हे मी हात जोडून सांगते. पहिल्या धुण्याला सुती आटतं, नायलॉन आटत नाही, आणि गोधडीचा चेहरा म्हातारीसारखा होतो. कोकणात कापूस भरायच्या फंदातही पडू नये. आपल्या पावसात तो वाळत नाही, वास मारतो. चार-पाच थर जुन्या सुती कपड्याचे, बास.

गुहागरच्या काकू आमच्या पहिल्या गिऱ्हाईक. मुंबईत लेकाला मुलगा झाला तेव्हा दुपटी शिवायला आल्या आणि मग दरवर्षी गणपती झाले की एक गाठोडं घेऊन येत गेल्या. भाव कधी केला नाही. तपासायच्या मात्र अशा, की उलट बाजूने बोट फिरवून सुटलेला टाका शोधायचाच. सापडला की चष्म्यावरून बघायच्या. त्या बघण्याला मी अजून घाबरते.

2006 ते 2019 काय सांगायचं? शिवत राहिलो. मधे एक सेकंडहँड मोटरची मशीन घेतली. मोठ्या कमानीची, शिलाईच्या कारखान्यातली. सासूबाई 2016 ला गेल्या.

मग 22 जुलै 2021. आमचं घर चिपळूणच्या पेठमापात. 2005 च्या 26 जुलैला पाणी कुठवर आलं होतं, त्याची खूण ह्यांनी भिंतीवर खिळ्याने कोरून ठेवली होती. फडताळ त्या खुणेच्या हातभर वर ठोकलेलं, गिऱ्हाइकांची गाठोडी त्यावर. गावात सगळ्यांनी हेच केलं होतं, जो तो 2005 चाच हिशोब धरून बसलेला. आदल्या रात्रभर पाऊस ओतत होता, त्यात भरती, वाशिष्ठी नदीला जायला वाट नाही. उजाडेपर्यंत पाणी अंगणात, थोड्या वेळाने पायडलवर, आणि मग खिळ्याची खूण कधी बुडाली ते कळलंसुद्धा नाही. आम्ही माळ्यावर. खाली माझी गाठोडी फडताळावरून एकेक सुटून पाण्यात फिरत होती. एक लाल काठ खिडकीच्या गजाला अडकून तासभर तसाच हलत होता.

पाणी उतरलं तेव्हा घरात गुडघाभर चिखल. मोटरची मशीन संपली, वाइंडिंगच गेलं. उषाचं मुंडकं काढलं, रॉकेलच्या घमेल्यात बुडवलं, शटल आणि बॉबिनची केस दात घासायच्या ब्रशने साफ केली, तेल सोडलं. पट्टा फुगून सैल झाला होता, तो कापून जोडला. चौथ्या दिवशी चाक फिरलं. ज्यांना मोटरशिवाय मशीन म्हणजे खेळणं वाटतं, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण खरं संकट मशीनचं नव्हतं. गाठोडी होती 26. प्रत्येकात कुणाच्या आईची, आजीची, गेलेल्या सासूची लुगडी. नावं मी कागदाच्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवायची. चिठ्ठ्यांचा लगदा झाला. धुवायला पाणी नाही, विहिरी गढूळ. टँकर आला की आधी प्यायचं, मग लुगडी. कुणाचं कुठलं काही कळेना, आणि फोन करून विचारणार काय? “तुमच्या आईचं लुगडं कसं होतं हो?”

काकू रस्ता सुरू झाल्यावर एसटीने स्वतः आल्या. पदर खोचला आणि ढिगाऱ्यापुढे बसल्या. स्वतःच्या आईची दोन नऊवारी आणि एक इरकल त्यांनी काठावरून ओळखलं. मग मला म्हणाल्या, “नाव कागदावर लिहितेस? आणि ते कोकणात?” एवढंच बोलल्या. जाताना तीन गोधड्यांचे पैसे आगाऊ ठेवले. तेव्हापासून प्रत्येक गाठोड्याला पांढऱ्या पट्टीवर दोऱ्याने नाव काढते. फोनवर फोटो पाठवून, वर्णनं विचारून 22 गाठोड्यांचे मालक लागले. चार अजून ट्रंकेत आहेत. त्यातलं एक मोरपिशी, काठाला रुईफुलं. कुणाचं असेल तर या.

पंचनाम्याला आलेल्यांनी सगळा माल ‘घरगुती वापराचे कपडे’ असा लिहून घेतला. धंद्याचा कागद होता कुठे दाखवायला? घरात बसून शिवणाऱ्या बायकांनो, सरकारची छोट्या धंद्यांसाठीची उद्यम नोंदणी करून घ्या, फुकट होते. मी नंतर केली. नंतर!

आता एका दुकानाबद्दल. नाव घेत नाही, चिपळुणात कळायचं त्याला कळेल. पुराच्या आधी त्यांनी माझ्याकडून सहा गोधड्या ‘विकून बघतो’ म्हणून नेल्या होत्या. दुकान माडीवर, त्यामुळे त्या वाचल्या. पैसे आले नाहीत, गोधड्याही नाहीत. 2022 च्या दिवाळीत बघते तर दुकानात ढीग लागलेला. माझीच चौकटींची मांडणी, माझीच काठाची पट्टी, पण कपडा छापील आणि सगळी शिवण एकसारखी, बाहेरून कारखान्यातून शिवून आलेली. वर लेबल, ‘कोकणच्या महिलांच्या हातची गोधडी’. पेपरात मालकाचा फोटो आला, ‘पारंपरिक कलेला नवसंजीवनी’. त्याच्या मागे भिंतीवर लटकवलेली गोधडी माझी. कोपऱ्यातला निळा त्रिकोण मी अपुरा पडला म्हणून जोडला होता, तोसुद्धा दिसतो फोटोत.

गेले दुकानात. मालक हसून म्हणाले, “वहिनी, तुमचीपण मशीनचीच ना?”

तिथे मला काही सुचलं नाही. गेले तशीच घरी आले. येताना त्यांचीच एक गोधडी विकत घेतली मात्र, बिल घेऊन. रात्री उलटी करून बघितली, तर खालून सगळी साखळी. अनेक सुयांच्या काही मशीन साखळीटाका घालतात. तसल्या टाक्याचं योग्य टोक पकडून ओढलं की आख्खी ओळ सर्रकन उसवते. मी ओढलं. ह्यांना पण दाखवलं. आमच्या टाक्यात वरचा आणि बॉबिनचा असे दोन दोरे एकमेकांत अडकतात, एक तुटला तरी ओळ जागेवर राहते. हे मी दुकानात का बोलले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. सकाळी पुन्हा जाऊन बोलायला हवं होतं. गेले नाही.

ती अर्धी उसवलेली गोधडी आता आमच्याकडे येणाऱ्यांना दाखवायला ठेवलीय. पेपरवाले अजून आलेले नाहीत. काकू यंदाही आल्या, नातीच्या दुपट्यांसाठी. उलट बाजूने बोट फिरवलं. एक टाका सापडला.

नोंदणी सध्या गणपतीनंतरची चालू आहे. लुगडी धुऊन, वाळवून आणावी, काठ कापू नयेत, निम्मे पैसे आधी. दुसरीकडच्या गोधड्यांची उसवण दुरुस्तीला शक्यतो आणू नका. आणलीत तर शिवून देईन, पण दोन शब्द ऐकावे लागतील.