रेषेला कॉइल, छटेला पेन : सरावाच्या तिसऱ्या महिन्याची नोंद

मी टॅटू काढायला शिकतो आहे. त्यातल्या लाइनिंग (रेषा ओढणे) आणि शेडिंग (छटा भरणे) या दोन्ही कामांना एकच मशीन पुरेल, ही माझी समजूत या महिन्यात मोडली. सराव अजून सिलिकॉनच्या प्रॅक्टिस स्किनवरच (सरावाच्या नकली कातडीवरच) चालू आहे, हे आधी सांगून ठेवतो.

माझे जुने मशीन कॉइलचे, म्हणजे विद्युतचुंबकाने सुई खाली-वर ठोकणारे आहे. कमळाच्या पाकळीची कड ओढताना रेष सलग न येता ठिपक्या-ठिपक्यांची उमटत होती आणि मी तीन आठवडे दोष हाताला देत राहिलो. अखेर उघडून पाहिले, तर त्यावर 47 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता, जो साधारणपणे शेडिंगच्या मशीनवर बसवतात. त्यामुळे ठोके मंद पडत होते आणि हात मात्र रेषेच्या वेगाने पुढे सरकत होता. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून 22 मायक्रोफॅरडचा आणला. (दुकानदाराने आधी पंख्याचाच कपॅसिटर पुढे केला.) कॉन्टॅक्ट स्क्रूचे काजळलेले टोक पॉलिश पेपरने घासले, फट किंचित कमी केली आणि तीच पाकळी, तीच 5 आरएल (राउंड लायनर, म्हणजे रेषेसाठी पाच सुयांचा गोल गुच्छ) सुई घेऊन पुन्हा ओढली. रेष एका दमात आली. मशीनचा आवाजही घरघरीऐवजी एकसुरी गुणगुणण्यासारखा झाला. कॉइल जुळवताना माझा आता मीटरपेक्षा कानावर अधिक भरवसा आहे.

शेडिंगसाठी मित्राचे, स्ट्रोक (सुईच्या खाली-वर होण्याचे अंतर) बदलता येणारे रोटरी, म्हणजे फिरत्या मोटरवर चालणारे पेन आठवडाभर वापरले. रोटरीला आपण नवी म्हणतो, पण टॅटू कलाकार सॅम्युअल ओरायलीने न्यूयॉर्कमध्ये 1891 साली पेटंट घेतलेले टॅटूचे यंत्र एडिसनच्या विजेच्या पेनवरून (कागदाला छिद्रे पाडून प्रती काढण्याच्या साधनावरून) बेतलेले, रोटरी जातीचेच होते. पेनवर 9 ची कर्व्ह्ड मॅग (छटेसाठी नऊ सुयांची, कडेला वळलेली रुंद रांग) लावून 4 मिलिमीटर स्ट्रोकवर पाकळीचा देठाकडचा भाग भरला, तेव्हा ठोका जोरकस पडून सिलिकॉन खरवडले गेले आणि छटा डागाळली. स्ट्रोक 3 वर आणल्यावर तीच सुई लहान वर्तुळांत फिरवताना गडदपासून फिकटापर्यंतची उतरण मऊ आली. उलट 3 वरच 9 आरएलने जाड रेष काढून पाहिली, तर ती फिकी पडली, कारण इतक्या सुयांच्या गुच्छाला आत जायला लागणारा जोर त्या आखूड ठोक्यात नव्हता. दाणेदार व्हिप शेडिंगचे गणित मात्र वेगळे आहे: तिथे ठिपके सुटे दिसायला हवेत, म्हणून वेग कमी ठेवून हात झटकन उचलावा लागतो आणि लांब स्ट्रोकही चालून जातो.

वायरलेस पेनचा मोह होता, पण बॅटरीचे वजन पेनच्या मागच्या टोकाला येते आणि अर्ध्या तासात माझे मनगट भरून आले. गुरुवारी वीज जाते एवढ्यासाठी ते सोसण्यात अर्थ नाही. त्यामुळे रेषेसाठी कॉइल ठेवतो आहे आणि शेडिंगसाठी वायरचे, बदलत्या स्ट्रोकचे पेन घेणार आहे. मित्राचे पेन रविवारपर्यंत माझ्याकडे आहे. तोवर कमळाची उरलेली पाकळी 3.5 वर, व्हिपने भरून पाहतो.