तुम्ही विचारलंत म्हणून: कोड्यांतून पक्षी कळतात का?

रविवारी सकाळी आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या गच्चीवर मी मुलांना पक्ष्यांची कोडी घालते. न्यायला आलेले आईबाबा हमखास विचारतात, "काकू, यातनं मुलांना खरंच पक्षी कळतात का हो?"

नाही कळत. शब्द कळतात. पण शब्दाला अडलेलं मूल कठड्याशी जाऊन बघायला लागतं, माझा डाव तेवढाच.

सुरुवातीला एका आईने नेटवरून छापलेला शब्दशोध आणून दिला होता. त्यात रॉबिन, ब्लू जे असली मंडळी. मुलुंडमध्ये ब्लू जे कुठून दिसणार? शिवाय कॉम्प्युटरने 'कोकिळ'ची फोड केलेली: एका चौकोनात 'क', शेजारच्यात नुसताच लोंबकळणारा काना-मात्रा. तेव्हापासून मी चौकटीच्या वहीत हातानेच आखते. एका घरात एक अक्षर, जोडाक्षरालाही एकच घर. 'भारद्वाज' चार घरांत बसतो की पाच, यावर एकदा अर्धा तास भांडण झालं. (चारच. 'द्वा'चे तुकडे करायचे नाहीत.)

मुलांच्या सगळ्यात आवडीची म्हणजे अक्षर खाणारी कोडी. चातकाच्या पोटातलं अक्षर काढा, चाक फिरायला लागतं. ससाण्याचं शेपूट कापा, ससा पळतो. पाकोळीचं डोकं उडवा, कोळी उरतो. तो जाळं विणणारा की जाळं टाकणारा, हे ज्याचं त्याने ठरवावं. आणि "हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत हजारोंनी उतरतो, गुलाबी दिसतो, बॅट मात्र धरत नाही," हे तर पहिलीतलं पोरही सोडवतं. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो!

कावळ्याचं कोडं सुचलं तेव्हा मी स्वतःवरच खूश होते. मधलं अक्षर काढलं की रंग कळतो: कावळा, काळा. सगळ्यांनी झटक्यात सोडवलं. तिसरीतला एक मुलगा तेवढा उठून कठड्याशी गेला, पाण्याच्या टाकीवर बसलेल्या कावळ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काकू, कोडं चुकलंय. याची मान राखाडी आहे."

होतीच. आपला रोजचा गावकावळा मानेला नि छातीला राखाडी असतो. सगळा काळा तो डोमकावळा. इतकी वर्षं पितृपक्षात पान ठेवून मी त्याची वाट बघत आले, मान कधी बघितली नव्हती.

खेतवाडीत वाढलेले पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलीही लहानपणी असेच एका चिमणीपाशी अडले होते. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या त्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, साल १९०८. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या दिवशी घरी येऊन मी जुनी वही काढली. "कुहू कुहू कोण गातं?" याचं उत्तर मीच ठसठशीत अक्षरांत 'कोकिळा' लिहून ठेवलेलं. गातो नर, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, आणि तिचं ते 'किक-किक' ऐकून कुणी तिला गाणारी म्हणणार नाही. पण गानकोकिळा म्हणायची जिभेला इतकी सवय, की कानांना विचारतो कोण! ते पान फाडून टाकलं.

कावळ्याचं मात्र फाडलं नाही. पुढच्या रविवारी तो मुलगा वही मागून घेऊन कोपऱ्यात बसला आणि माझ्या कोड्याखाली पेन्सिलीने आपली ओळ जोडून गेला: "मधलं अक्षर काढलं की रंग कळतो, पण मानेचा नाही."