खाती मोडून सेल केले तेव्हा

आमचा कारखाना भोसरी एमआयडीसीत. रचना ठरलेली: टर्निंग (लेथवरची कटाई) एक खातं, ग्राइंडिंग (फिरत्या चाकावर घासून मापात आणणं) दुसरं, क्वालिटी तिसरं आणि प्रोसेस इंजिनिअरिंग वरच्या मजल्यावर एसीत. मालकांनी ही खाती मोडून पार्टनुसार सेल, म्हणजे एका पार्टला लागणारी सगळी मशीन आणि माणसं एकाच ठिकाणी, करायचं ठरवलं आणि ते बसवून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

तेव्हा सगळ्यात डोकं खायचा एक पातळ भिंतीचा बुश, म्हणजे नळीसारखा पोकळ तुकडा. टर्निंगमध्ये बोअर (आतलं भोक) ओके, ग्राइंडिंगला मँड्रेलवर (भोकात बसणाऱ्या दांड्यावर) चढवला की भिंतीची जाडी कमीजास्त. रिजेक्शन ग्राइंडिंगच्या नावावर पडायचं, त्यामुळे टर्निंगला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांचं टार्गेट शिफ्टला किती नग एवढंच. क्वालिटीचा रिपोर्टही त्यांच्याच बाजूने, कारण बोअर गेज समोरासमोरच्या दोन बिंदूंत मोजतं. लेथच्या चकच्या तीन जॉमध्ये (पकडीच्या जबड्यांत) आवळलेला पातळ जॉब चक उघडला की किंचित तिकोनी होतो, आणि दोन बिंदूंच्या मापात तो तिकोनीपणा जवळजवळ लपून जातो.

सेल झाल्यावर लेथ आणि ग्राइंडर शेजारी आले आणि दोघांचं रिजेक्शन एकाच बोर्डावर लिहिलं जाऊ लागलं. ग्राइंडरवरच्या मुलाने एक नापास बुश सरळ लेथवर नेऊन ठेवला. तिथले जुने टर्नर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी तो बोटांत फिरवला आणि म्हणाले, "चक प्रेशर उतरव, रुंद सॉफ्ट जॉ घे. नाहीतर हा असाच होणार." हे कधीपासून माहीत होतं, असं मी विचारलं. "पार्ट आला तेव्हापासून. पण साहेब, सेटअप शीटला हात लावला तर ऑडिटला उत्तर कोण देणार?" रात्रपाळीत ते गुपचूप प्रेशर उतरवायचे आणि सकाळी परत शीटवर लिहिलंय तेवढं करून ठेवायचे. शीट बदलली, तीन पॉइंटचं बोअर गेज घेतलं, आणि तो बुश मीटिंगच्या अजेंड्यावरून गेला.

मात्सुशिता (आजची पॅनासॉनिक) कंपनीच्या घरगुती ब्रेड मशीनची गोष्ट मॅनेजमेंटच्या वर्गात हटकून येते. सॉफ्टवेअरवाल्या इकुको तनाका ओसाकाच्या हॉटेलातल्या बेकरकडे जाऊन पीठ मळायला शिकल्या, हा किस्सा व्यवस्थापनाचे अभ्यासक इकुजिरो नोनाकांमुळे जगभर गेला. मला त्याआधीची घटना जास्त मोलाची वाटते. १९८४ मध्ये कंपनीने राइस कुकर, तापवणारी उपकरणं आणि मोटरवर फिरणारी उपकरणं हे तीन विभाग एकत्र केले होते. मशीन १९८७ मध्ये बाजारात आलं, त्यात तिन्हीकडचं तंत्र होतं. विभाग वेगळेच राहिले असते तर बाईंना बेकरकडे धाडायचा खर्च कोणाच्या बजेटमध्ये टाकायचा, यावरच वर्ष गेलं असतं.

पण सेलची एक किंमत आहे आणि ती प्रेझेंटेशनमध्ये कोणी दाखवत नाही. पूर्वी सगळे ग्राइंडर एका रांगेत होते. व्हील ड्रेसिंग (घासणारं चाक खरवडून पुन्हा धारदार करणं) कधी करायचं हे नवा पोरगा जुन्याच्या शेजारी उभा राहून, ठिणग्या बघून, आवाज ऐकून शिकायचा. आम्ही त्यांना सेलमागे एकेक वाटून टाकलं. मग एका सेलमध्ये व्हील ग्लेझ (बोथट, गुळगुळीत) होऊन जॉब जळत राहिला. उपाय दोन सेल पलीकडच्या माणसाला पाठ होता, पण दोघांची चहाची वेळसुद्धा आता वेगळी.

म्हणून दोन गोष्टी केल्या. रोजचं काम आणि टार्गेट सेल लीडरकडे ठेवलं, पण ग्राइंडर चालवणाऱ्याची स्किल ग्रेड ठरवताना त्याच ट्रेडच्या जुन्या माणसाचं मत घ्यायचं. दुसरं, शनिवारी शिफ्ट संपताना सगळे ग्राइंडरवाले एका मशीनभोवती जमतात. आठवड्यात अडलेला जॉब समोर ठेवायचा, मॅनेजरने तिथे फिरकायचं नाही. मीसुद्धा लांबूनच बघतो. याच्यावर माझं दोन सेल लीडरांशी वाजलं, कारण तेवढा वेळ त्यांचं मशीन बंद राहतं. मालकांनी मध्ये पडून तो वेळ त्यांच्या टार्गेटमधून वजा केला, तेव्हा कुठे भांडण मिटलं.

आता एचआरला या बैठकीचं हजेरीपत्रक आणि मिनिट्स हवी आहेत. मी अजून दाद दिलेली नाही.