खडा फुटला, क्वेरी फुटेना

लेझरने मुतखडा फोडायला तासभरही लागला नाही. त्याचे पैसे द्यायचे की नाही, हे ठरवायला मात्र विमा कंपनीने दिवस खाल्ला. म्हणून हे लिहितेय.

डाव्या कुशीतून जांघेपर्यंत कळ, उलट्या, आणि साध्या सीटी स्कॅनमध्ये मूत्रनलिकेत अडकलेला 9 मिमीचा खडा. 5 मिमीच्या आतला असता तर बहुधा पाणी आणि गोळ्यांवर पडला असता. सासूबाईंनी कुळथाचं कढण पाजलं, ते छान झालं होतं, खडा मात्र जागचा हलला नाही. मला बाहेरून शॉकवेव्ह देऊन फोडायची लिथोट्रिप्सी हवी होती. पण सीटीत खड्याची घनता 1200 एचयूच्या (सीटीतलं घनतेचं माप) वर निघाली. 1000 च्या पुढचे खडे शॉकवेव्हला सहसा दाद देत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. तुम्हीही रिपोर्टमध्ये हा आकडा आहे का बघा, नसेल तर विचारा. मग ठरलं, दुर्बीण घालून लेझर.

रात्रीपासून उपाशी, हाताला सलाईन, आणि दुपारी दीर वर आले. "वहिनी, कंपनी म्हणते तुम्हाला पाच वर्षांपासून दुखतंय."

कॅज्युअल्टीतल्या शिकाऊ डॉक्टरला मी "पाच दिवस" सांगितलं होतं. त्याने केसपेपरवर पाच वर्षे लिहिली. पॉलिसी तीन वर्षांची. म्हणजे आजार जुना, मी तो लपवला, कॅशलेस अडकलं. विमा डेस्कवरच्या मुलीने क्वेरी, म्हणजे कंपनीची शंका, वाचून दाखवली आणि "डॉक्टरांचं पत्र लागेल" म्हणून पुढच्या माणसाला हाक मारली. डॉक्टर ऑपरेशनमध्ये. शिकाऊ डॉक्टरची ड्युटी संपलेली. दुसऱ्याने पत्र लिहून दिलं, त्यावर शिक्का नव्हता. शिक्का ओपीडीच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्या सिस्टरकडे, त्या जेवायला गेलेल्या. शिक्क्याचं पत्र अपलोड केलं, तर कंपनीची नवी क्वेरी: पूर्वीच्या सोनोग्राफीचे रिपोर्ट पाठवा. अहो, पूर्वी सोनोग्राफी केलीच नाही, तर रिपोर्ट कुठून आणू? तेही लेखी हवं, पुन्हा डॉक्टरांच्या सहीने. आयआरडीएआयचं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं, 2024 चं परिपत्रक सांगतं की कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यावी. दिरांनी मोबाईलवर ते दाखवलं. डेस्कवरची मुलगी म्हणाली, "सर, क्वेरी आली की तास पुन्हा पहिल्यापासून." हे तिने कुठे वाचलं, देव जाणे.

शेवटी दीर चिडून हॉस्पिटलच्या मॅनेजरकडे गेले, आणि त्यानंतर दोन्ही पत्रं एका झटक्यात तयार झाली. मंजुरी संध्याकाळी आली. तोवर माझा नंबर दुसऱ्या पेशंटला गेला होता.

तेव्हा दाखल होतानाच केसपेपर मागून घ्या आणि "कधीपासून" हा रकाना वाचा. दुखत असलं तरी वाचा. ज्याचं दुखतंय त्याने नाही, सोबतच्याने. पॉलिसी नवी असेल तर मुतखड्याला बहुतेक ठिकाणी 24 महिने थांबायची अट असते, तेही आधी बघा.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. कमरेखाली भूल दिली, मला काही कळलं नाही. नंतर मूत्रनलिकेत एक स्टेंट, म्हणजे बारीक नळी, राहतो, त्याबद्दल मात्र कुणी नीट सांगत नाही. लघवीला सारखी घाई, शेवटी जळजळ, कधी लालसर लघवी. दुखणं खड्याइतकं नाही, पण वैताग पुरेसा. तो काढायची तारीख कॅलेंडरवर लिहा. विसरून महिनोन्‌महिने आत राहिला तर त्याच्यावरच खडे धरतात.

शेजारच्या काकूंनी विचारलं, माझे पित्ताशयातले खडे असे फोडता येतील का? तिथे सहसा पिशवीच काढतात. खडे फोडले तरी पिशवी नवे करत राहते, आणि तुकडा पित्तनलिकेत अडकला तर कावीळ.

हो, राहिलंच. खड्याचा तुकडा तपासायला पाठवायला सांगा. माझा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. आणि स्टेंट काढल्याचं बिल जपून ठेवा, डिस्चार्जनंतरच्या खर्चात ते बसतं. माझं पाठवलंय. कालच मेसेज आला, क्वेरी आहे.