हात वर करण्यापूर्वी

वर्ल्डकॉनच्या, म्हणजे जागतिक विज्ञानकथा संमेलनाच्या, कामकाज सभेत आज मी प्रथमच मतदानासाठी उभा राहिलो. या संमेलनाचे सदस्य मतदानाने देत असलेल्या ह्यूगो पुरस्काराच्या नियमांत बदल सुचवणारा प्रस्ताव चर्चेला होता आणि हात वर करून झालेल्या मतदानात कौल स्पष्ट न झाल्याने अध्यक्षांनी मोजणीचा आदेश दिला. बाजूने असलेले सदस्य रांगेरांगेने उभे राहिले, प्रत्येकाने आपला क्रमांक मोठ्याने उच्चारला आणि खाली बसला. माझा क्रमांक उच्चारताना माझा आवाज थरथरला.

प्रस्ताव मंजूर झाला, तरी नियम आज बदललेला नाही, कारण पुढच्या वर्षीच्या सभेने त्याला पुन्हा मान्यता द्यावी लागते. हा विलंब अनेकांना जाचक वाटतो. मला तो आवश्यक वाटतो. २०१५ मध्ये संघटित गटांनी ह्यूगोच्या नामांकन यादीचा मोठा भाग व्यापल्यानंतर मांडलेली नवी मोजणीपद्धतही २०१६ मध्ये दुसऱ्यांदा मंजूर झाली आणि २०१७ पासून लागू झाली. तिच्यात प्रत्येक सदस्याचा एक गुण त्याने सुचवलेल्या कलाकृतींमध्ये समान वाटला जातो आणि एखादी कृती बाद झाली की तिचा वाटा त्याच्या उरलेल्या कृतींकडे जातो. त्यामुळे एकसारख्या याद्या भरणाऱ्या गटाला सर्व जागा सहजासहजी बळकावता येत नाहीत.

माझ्या शेजारच्या बाईंनी विरोधात मत दिले. सभेनंतर त्यांनी आपली हरकत मला शांतपणे समजावून सांगितली आणि तिच्यातील एका मुद्द्याचे उत्तर माझ्याकडे अजून नाही.